मदत हवी आहे : डीपीएफचा दिवा विझत नाही

नमस्कार मंडळी. आमची बीएस-६ डिझेल गाडी बहुतेक राजवाडा ते सुदामानगर अशी इंदूरच्या गर्दीतच फिरते आणि आता डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागला आहे. फिल्टरमधली काजळी जळण्यासाठी एक्झॉस्ट साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, म्हणून पुस्तिकेप्रमाणे देवास रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवली. दिवा तसाच राहिला आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा बराच वेळ फिरत होता. गॅरेजवाले फिल्टर काढूनच टाका म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. तो धूर आपल्याच मुलांच्या नाकातोंडात जाणार. आधी प्रेशर सेन्सर तपासून, मगच स्कॅनरने रीजनरेशन (म्हणजे साठलेली काजळी जाळून फिल्टर साफ करणे) करून देणारा भरवशाचा मेकॅनिक कोणाला माहीत आहे का? तोवर गाडी चालवावी की उभी ठेवावी, हेही कृपया कळवावे.