एपिक युनिव्हर्स एका दिवसात: रोबोटवाल्या राइड होतील का? मदत हवी आहे

उनाड_पाऊल
ऑर्लँडोला जातोय, युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्स थीम पार्कला एकच दिवस आहे. ॲपवर रोज बघतोय, मॉन्स्टर्स अनचेन्ड ही रोबोट-हाताची राइड कधी दीड तासाची रांग दाखवते, कधी बंद, मग पुन्हा चालू. ती आणि हॅरी पॉटरची मिनिस्ट्रीवाली, या दोन झाल्याच पाहिजेत. सकाळी आधी कुठे पळायचं? एक्सप्रेस (पैसे भरून छोट्या रांगेचा पास) घेऊ का? लवकर सांगा, आजच बुकिंग करायचंय.

तिरकी_रेघ
कधी जाताय, किती जण, हॉटेल कुठलं? एवढं तरी लिहा की. ऑगस्टअखेर-सप्टेंबर आणि नाताळचा आठवडा यांच्या गर्दीत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

चटकन
एक्सप्रेस घ्या. विषय संपला.

तिरकी_रेघ
कसा काय संपला? साध्या एक्सप्रेसवर प्रत्येक राइड एकदाच. भाव तारखेप्रमाणे बदलतो आणि सगळ्या राइड त्यात असतीलच असं नाही, यादी वाचूनच पैसे भरा. युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांसाठी त्यांच्याच महागड्या हॉटेलांसोबत फुकट मिळणारा एक्सप्रेस एपिकला चालत नाही. हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं.

नटबोल्ट
मॉन्स्टर्स अनचेन्ड बंद का पडते ते आधी समजून घ्या, म्हणजे ॲप बघून घाबरणार नाही. रुळावरून सरकणाऱ्या गाडीवर रोबोटचा हात, हाताच्या टोकाला चार जणांचा बाक. एका बाकाच्या सुरक्षा-दांड्याचा सेन्सर 'बंद' म्हणाला नाही तर ती गाडी सुटत नाही आणि मागच्या सगळ्या थांबतात. वाटेत थांबली तर माणसं उतरवायची, हात मूळ स्थितीत आणायचा, रिकाम्या फेऱ्या मारून बघायच्या, मगच रांग सोडायची. नुसता राइडमधला एखादा हलणारा पुतळा अडकला तर राइड सहसा बंद करत नाहीत, त्याच्यावरचा दिवा मालवून पुढे चालवतात.

रांगेचं गणित उदाहरणादाखल: दर १२ सेकंदाला एक बाक सुटला तर तासाला ३०० बाक, १२०० माणसं. बसवायला ३ सेकंद जास्त लागले की ९६०. दर बाकावर एक जागा रिकामी गेली तर ९००. म्हणून एकट्याची रांग (अशा रिकाम्या जागा भरायला एकेकट्याने बसणाऱ्यांची) असेल तिथे ती घ्या, पण घरचे वेगवेगळे बसतील.

चटकन
म्हणजे एक्सप्रेसच.

नटबोल्ट
राइड तासभर बंद राहून उघडली की साठलेले एक्सप्रेसवाले आधी आत सोडतात, साधी रांग मुंगीच्या पावलाने सरकते. त्यामुळे 'चालू' दिसल्याबरोबर धावायचं तर तुम्ही जवळपासच असायला हवं. पार्कच्या दुसऱ्या टोकावरून निघालात तर उपयोग नाही.

जुनाट_यंत्र
पुतळ्यांचा विषय निघालाच आहे तर, पूर्वी ते हायड्रॉलिकवर चालायचे. तेल गळायचं, सील बदलत बसावं लागे. आता इलेक्ट्रिक मोटरी असतात, हालचाल बारीक, पण सांध्यावरची सिलिकॉनची कातडी तशीच फाटते.

तिरकी_रेघ
धागा रोबोट-दुरुस्तीचा नाही. उनाड_पाऊल, तारीख?

ढगाळ
उन्हाळा असेल तर दुपारचा पाऊस धरा. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात. स्टारडस्ट रेसर्स, वेअरवुल्फवाली, पंखांची ग्लायडर, सगळ्या एकदम. ती गर्दी मग छपराखालच्या राइडकडे वळते, म्हणजे तुमच्या दोन्हीकडे. दुपारी तिकडे जाऊच नका.

पायपीट
चांगले बूट घाला, फ्लोरिडात छत्री निरुपयोगी, रेनकोट बरा. आणि डिस्नेला चार दिवस द्या.

उनाड_पाऊल
डिस्ने विचारलंच नव्हतं. जूनचा दुसरा आठवडा, मंगळवार. हॉटेल बाहेरचं. आम्ही दोघं, आई, मुलगा. मुलगा ११८ सेंमी.

तिरकी_रेघ
घ्या! ही गोष्ट पहिल्याच ओळीत हवी होती. मॉन्स्टर्स अनचेन्डला ४८ इंच, म्हणजे १२२ सेंमी लागतात. स्टारडस्टलाही तेवढेच. मुलगा दोन्हीत बसणार नाही. मिनिस्ट्रीवाली ४० इंच, १०२ सेंमी. ती चालेल.

पायपीट
जाड तळव्याचे बूट घाला ना.

नटबोल्ट
असले सल्ले देऊ नका. उंचीचा नियम सुरक्षा-दांडा अंगाला नीट बसावा म्हणून असतो, बुटाने खांदा आणि मांडी बदलत नाही.

ढगाळ
हॉटेल युनिव्हर्सलच्या बाहेरचं म्हणजे लवकर प्रवेश नाही. दरवाजा उघडण्याआधी तासभर पोचा, चौघं सरळ मिनिस्ट्रीला जा. मॉन्स्टर्स पार्क बंद होण्याच्या वेळेवर ठेवा: वेळ संपण्याआधी रांगेत शिरलात तर सहसा सोडतात. 'चाइल्ड स्वॅप' आहे. मुलाला घेऊन रांगेच्या टोकापर्यंत सगळे जायचं, एकाने बसायचं, दुसऱ्याने मुलापाशी तिथल्याच थांबायच्या खोलीत बसायचं, मग अदलाबदल. रांग एकदाच.

तिरकी_रेघ
आजी आहेत ना, मग स्वॅप कशाला? नातू त्यांच्यापाशी राहील, दोघं एकदम बसतील.

उनाड_पाऊल
आईलाच बसायचंय त्या रोबोटच्या हातात.

ढगाळ
मग स्वॅपच. मान, पाठ, रक्तदाबाची पाटी दारावर असते, त्यांना आधी वाचू द्या.