चिऱ्याच्या घरात मागच्या खोलीपर्यंत इंटरनेट: विजेच्या तारांतून न्यावे की बिनतारी?

विचारणा (आंजर्ले, ता. दापोली)

सर्वांना नमस्कार. आमचे घर जांभ्या चिऱ्याचे, जुने आणि लांबीला मोठे आहे. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी अशी एकामागे एक रचना असून मधल्या भिंती सुमारे दीड फूट जाडीच्या आहेत. फायबरची जोडणी ओटीवर आली आणि राऊटरही तेथेच बसवला. ओटीवर वेग उत्तम मिळतो, माजघरात तो निम्म्यावर येतो, आणि पडवीलगतच्या ज्या खोलीत माझी धाकटी बहीण पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते, तेथे फोनवर सिग्नलच्या दोन रेघा दिसत असूनही बैठकीतले बोलणे सतत तुटते. पावसाळ्यात हा त्रास वाढतो.

दुकानदाराने पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी (घरातल्या विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारी) किंवा मेश वायफाय (एकमेकांशी बिनतारी बोलून सिग्नल पुढे देणारे दोन-तीन वायफाय डबे) असे दोन पर्याय सांगितले आहेत. घरातले वायरिंग अर्धे जुने, लाकडी पट्टीवरचे आहे. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांचे मात्र नव्याने पाईपातून केले आहे. इन्व्हर्टर आहे. भिंती फोडू नयेत अशी बाबांची स्पष्ट इच्छा आहे. खळ्यापलीकडे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या आहेत, त्यांचा वीजमीटर वेगळा आहे आणि पुढे तेथेही इंटरनेट न्यायचे आहे. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा, याचे जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (देवरुख)

मी वायरिंगची कामे करतो, म्हणून आधी पॉवरलाइनविषयी लिहितो. घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या विजेवरच हा अडॅप्टर कित्येक पटींनी अधिक वारंवारतेचा, म्हणजे साधारण २ मेगाहर्ट्‌झपासून वरचा, क्षीण संकेत चढवतो आणि दुसऱ्या टोकाचा अडॅप्टर तो उतरवून घेतो. अशा अडॅप्टरांच्या जुन्या ‘होमप्लग एव्ही’ या प्रमाण पद्धतीत हा पट्टा सुमारे ३० मेगाहर्ट्‌झपर्यंत असतो, तर नंतरच्या एव्ही-२ मध्ये ८६ पर्यंत जातो. खोक्यावर छापलेला हजार किंवा दोन हजार एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट, वेगाचे माप) आकडा प्रयोगशाळेतल्या आदर्श तारेवरचा असतो. प्रत्यक्षात त्याचा लहानसा अंशच हाती येतो, आणि त्या तारेवर जितके अडॅप्टर असतील तितक्यांत तो वाटला जातो.

आपल्या घराबाबत मला तीन गोष्टींची काळजी वाटते. पहिली म्हणजे पट्टीवरचे जुने वायरिंग: त्यात पीळ देऊन केलेले सांधे असतात, खाऱ्या आणि दमट हवेने ते काळवंडलेले असतात, आणि अर्थिंगची तार बहुधा नसतेच. नवे अडॅप्टर फेज व न्यूट्रलबरोबर अर्थिंगचीही तार वापरून वेग वाढवतात. ती नसेल तर तो लाभ मिळत नाही. दुसरी गोष्ट इन्व्हर्टर. पुष्कळ घरांत दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर असतात व पंधरा अँपिअरचे प्लग थेट लाईनवर असतात. एक अडॅप्टर इकडे आणि दुसरा तिकडे लागला, तर संकेताला इन्व्हर्टरच्या आतून वाट काढावी लागते आणि तो क्षीण होतो. शिवाय वीज गेली की थेट लाईनवरचा अडॅप्टर बंद पडणार, आणि वादळी दिवसांत तर इंटरनेटची खरी गरज त्याच वेळी असते. तिसरी गोष्ट मीटरची. खळ्यापलीकडच्या खोल्यांचा मीटर वेगळा असल्यामुळे तेथे पॉवरलाइनचा भरवसा धरू नये.

तरीही हा पर्याय मी सरसकट मोडीत काढत नाही. स्वयंपाकघर आणि मागची खोली एकाच नव्या वायरिंगवर असतील, तर तेवढ्या टप्प्यात तो चांगला चालू शकतो. परत घेण्याची हमी असलेली जोडी आणावी. अडॅप्टर भिंतीतल्या प्लगमध्येच लावावा, स्पाईक गार्डमध्ये लावू नये, कारण त्यातली गाळणी हाच संकेत अडवते. मग मिक्सर, पाण्याचा पंप आणि मोबाईलचे स्वस्त चार्जर चालू ठेवून वेग पाहावा, आणि मुख्य बटण बंद करून इन्व्हर्टरवर पुन्हा पाहावा. रात्री सगळे बंद असताना मिळालेल्या वेगावर निर्णय घेऊ नये.

उत्तर (वेंगुर्ले)

बिनतारी बाजूने थोडे लिहितो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, म्हणजे १, ६ आणि ११. पाच गिगाहर्ट्‌झचा वेग मोठा असतो, पण दीड फुटाच्या चिऱ्यापुढे तो टिकत नाही. जांभा सच्छिद्र दगड आहे. गिलावा नसलेली भिंत पावसाळ्यात ओल धरते, पाणी या लहरी शोषते आणि पाच गिगाहर्ट्‌झच्या अधिक शोषते. पावसाळ्यात त्रास वाढतो हे आपले निरीक्षण त्याच्याशी जुळते.

मेश घेतलेच तर दुसरा डबा बहिणीच्या खोलीत ठेवू नये. जेथे सिग्नल मुळातच मेलेला आहे, तेथे ठेवलेला डबा तोच मेलेला सिग्नल पुढे देतो. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ओटीपासून परसदारापर्यंतची दारे एका रेषेत असतात. ओटीवरचा राऊटर त्या रेषेत आणून दुसरा डबा माजघराच्या मागच्या दाराशी, लोखंडी कपाट आणि भांड्यांची फळी टाळून, उंचावर ठेवला तर लहरी चिऱ्याऐवजी दारांतून जातात. मात्र साध्या दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये डब्यांचे आपसातले बोलणे आणि आपले काम एकाच लहरींवर चालते, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग घटतो.

चित्रसंवादाला तीन-चार एमबीपीएस पुरतात; त्याला वेगापेक्षा सातत्य अधिक लागते. त्यामुळे वेगाच्या आकड्याकडे कमी आणि बोलणे तुटते की नाही याकडे अधिक पाहावे.

उत्तर (राजापूर)

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण आपल्या घराने तिसरा पर्याय आधीच देऊ केला आहे, असे मला वाटते. कौलारू घरांत मधल्या भिंती बहुधा आढ्यापर्यंत जात नाहीत. वर माळा असतो आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा असतो. ओटीवरून वर चढवलेली कॅट-६ केबल (संगणक जोडण्याची तांब्याची नेटवर्क केबल) तुळयांच्या कडेने नेऊन मागच्या खोलीत उतरवली, तर एकही भिंत फोडावी लागत नाही. शंभर मीटरपर्यंत ती एक गिगाबिट वेग देते, आणि आपल्या घराची लांबी त्यापुढे काहीच नाही. मागच्या टोकाला एक साधा वायफाय डबा, मेश असेल तर मेशचाच, तारेने जोडावा. म्हणजे लहरींना फक्त त्या खोलीपुरतेच जायचे असते. राऊटर आणि हा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर ठेवावेत.

केबल शुद्ध तांब्याची मागावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती सहज तुटते आणि आपल्या हवेत तिची टोके लवकर खराब होतात. माळ्यावर उंदरांचा वावर असतो, म्हणून ती पीव्हीसी पाईपातूनच न्यावी आणि विजेच्या तारांपासून फूटभर दूर ठेवावी.

खळ्यापलीकडच्या खोल्यांसाठी मात्र तांब्याची केबल अजिबात ओढू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा कडाडतात. जवळपास वीज कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये विद्युत दाबाचा मोठा फरक निर्माण होतो आणि तो तांब्याच्या केबलमार्गे दोन्हीकडची उपकरणे जाळू शकतो. तेथे फायबर वापरावे: दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरमधला प्रकाशाचा संकेत आणि तारेतला विजेचा संकेत यांची अदलाबदल करणारा डबा) आणि मध्ये धातूची तार नसलेली केबल. फायबरच्या पुष्कळ केबलींत आधारासाठी पोलादी तार असते, तीही वीज वाहून नेते, म्हणून घेताना नीट विचारून घ्यावे.

विचारणा करणाऱ्यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. माळा खरोखरच मोकळा आहे आणि बाबांनी त्या मार्गाला लगेच होकार दिला. बहिणीच्या खोलीसाठी केबल माळ्यावरून नेतो, पॉवरलाइनचा विचार सोडतो, आणि पाहुण्यांच्या खोल्यांचे फायबर पावसाळा संपल्यावर टाकतो. त्या नव्या खोल्यांच्या भिंतीला एक भोक पाडावे लागेल. तेथून पाणी आत येऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर (देवरुख)

भोक आतून बाहेर उतरते पाडावे, म्हणजे आतले तोंड वर आणि बाहेरचे खाली राहील. बाहेर केबलला भोकाच्या पातळीखाली एक सैल वळण द्यावे. केबलवरून ओघळणारे पाणी त्या वळणाच्या तळाशी गळून पडते आणि भिंतीत शिरत नाही. वळण फार घट्ट घेऊ नये, फायबर तुटते. भोकाची मोकळी जागा सिमेंटने न बुजवता सिलिकॉनने बुजवावी, म्हणजे पुढे केबल बदलताना भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही.