मदत हवी आहे: टेन्युअरच्या फाइलमधला टीचिंग पोर्टफोलिओ

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत भौतिकशास्त्र शिकवतो. सहावं वर्ष आलं, म्हणजे टेन्युअर (कायम नेमणूक) आणि असोसिएट प्रोफेसरची बढती, दोन्हींसाठी एकच फाइल जाणार. संशोधनाच्या भागाची काळजी नाही. पेपर, ग्रँट, बाहेरच्या परीक्षकांची पत्रं, तिथे काय लागतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. घोडं अडलंय टीचिंग पोर्टफोलिओपाशी. आमच्या नियमावलीत त्यावर जेमतेम एक ओळ आहे: अध्यापन परिणामकारक असल्याचा पुरावा जोडावा. कसला पुरावा, किती पानं, काही नाही. विभागाच्या चेअरना विचारलं तर म्हणाले, असेल नसेल ते सगळं टाक. सिलॅबस, प्रश्नपत्रिका, स्लाइड्स, मुलांच्या आभाराच्या ईमेल असं सगळं जमवलं तर वाचणाऱ्याची दया येईल असा गठ्ठा होतोय.

खरी पंचाईत पुढे आहे. पहिल्या वर्षाचा मेकॅनिक्सचा मोठा वर्ग माझ्याकडे असतो. आधी सरळ लेक्चर द्यायचो, तेव्हा विद्यार्थी शिक्षकाचं जे मूल्यांकन करतात त्याचे आकडे चांगले यायचे. मग वर्गातच गटागटाने प्रश्न सोडवून घ्यायला लागलो आणि आकडे दाणकन खाली आले. 'सर शिकवतच नाहीत, आमचं आम्हीच शिकायचं तर फी कशाची' या छापाच्या कमेंट. नंतर सावरले, पण जुन्या पातळीला अजून पोचले नाहीत. पद्धत सोडायचा विचार नाही. दोन्ही काळांत सेमिस्टरच्या सुरुवातीला आणि शेवटी फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी ही बल-गतीच्या मूळ कल्पना कितपत कळल्या ते बघणारी चाचणी घेतलेली आहे, ती कामी येईल का?

आणखी दोन गोष्टी. पीअर ऑब्झर्वेशनचं, म्हणजे सहकाऱ्याने वर्गात बसून पाहिल्याचं, एकच पत्र आहे, त्यात 'उत्साही शिक्षक, वर्ग छान झाला' यापलीकडे काही नाही. आणि मुलांनी सोडवलेले पेपर नमुना म्हणून जोडता येतात का?

– काठावर

जुना_खडू:
कॉलेजच्या टेन्युअर-बढतीच्या कमिटीवर बसलोय, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. विभागाबाहेर फाइल गेली की ती वाचणारा इतिहासाचा असतो, नर्सिंगची असते, अकाउंटिंगचा असतो. समोर अशा बऱ्याच फाइली. तो तुमचं अध्यापनाबद्दलचं निवेदन वाचतो, आणि निवेदनात 'परिशिष्ट अमुक पाहा' म्हटलं असेल तरच ते पान उघडतो. ज्या कागदाकडे निवेदनातून बोट दाखवलेलं नाही, तो फाइलमध्ये नसला तरी चालतो.

'मी विद्यार्थीकेंद्री शिक्षण मानतो' हे वाक्य लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. प्रत्येक फाइलमध्ये असतं.

आता ते पडलेलं सेमिस्टर. लपवू नका. मूल्यांकनाचा तक्ता बहुतेक ठिकाणी ऑफिसच जोडतं, त्यामुळे घसरण दिसणारच. तुम्ही गप्प राहिलात तर कारण कमिटी आपल्या मनाने लावेल, आणि ते तुमच्या सोयीचं नसेल. मी तर म्हणेन पोर्टफोलिओचा कणाच मेकॅनिक्सचा हा एक कोर्स करा. आधी काय करत होतात, मुलं कुठे अडत होती, काय बदललं, त्यातून काय निघालं. बाकीच्या कोर्सना एकेक परिच्छेद पुरे.

तुमच्याकडची चाचणी म्हणजे सोनं आहे. शेवटच्या टक्केवारीतून सुरुवातीची वजा करा आणि सुरुवातीला जेवढी सुधारणा शिल्लक होती (१०० वजा सुरुवातीची टक्केवारी) तिने भागा. भौतिकशास्त्राच्या अध्यापनावर संशोधन करणाऱ्या रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्सेस आणि साडेसहा हजार विद्यार्थ्यांचा हिशेब मांडला, त्यात पारंपरिक लेक्चरची सरासरी ०.२३ आली आणि मुलांना गुंतवणाऱ्या वर्गांची ०.४८. इतिहासवाल्यालाही हे दोन आकडे कळतात. शिवाय २०१९ मध्ये हार्वर्डच्या पहिल्या वर्षाच्या फिजिक्सवर झालेला अभ्यास शोधा. मुलं सक्रिय वर्गात जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. अगदी तुमचीच गोष्ट. फक्त क्रम सांभाळा: आधी स्वतःचे आकडे, मग या अभ्यासांवर दोन वाक्यं. मूल्यांकनं कशी सदोष असतात यापासून सुरुवात केलीत तर ती सबब वाटते.

बर्फाळ:
मी कॅनडात आहे, इकडे याला टीचिंग डॉसिए म्हणतात. टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या (आताचं टोरांटो मेट्रोपॉलिटन) वादात २०१८ साली लवादाने निकाल दिला की विद्यार्थी-मूल्यांकनाच्या सरासरीवरून टेन्युअर-बढतीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजू नये. तुमच्या कमिटीवर तो बंधनकारक नाही, पण त्यातली एक गोष्ट उचला. नुसती सरासरी देऊ नका. किती जणांनी फॉर्म भरला आणि उत्तरं कशी विखुरली होती, तेही द्या. नव्या पद्धतीत कधी कधी मधले कमी आणि दोन्ही टोकांचे जास्त असतात. सरासरीत ते बुडून जातं.

मुलांच्या कामाबद्दल: तुमच्याकडे विद्यार्थ्यांच्या नोंदी गोपनीय ठेवणारा १९७४ चा फर्पा कायदा आहे. लेखी संमती घ्या, आणि ती असली तरी नाव, आयडी, मार्क झाकून टाका. आभाराच्या ईमेलनाही हेच. खरं सांगायचं तर त्या ईमेल वगळाच. चांगल्या ओळी निवडून लावल्यात हे कोणालाही कळतं. त्याऐवजी एकाच प्रश्नाची तीन उत्तरं जोडा, एक उत्तम, एक मधलं, एक अडखळलेलं, प्रत्येकावर तुम्ही दिलेल्या शेऱ्यासकट.

मागचा_बाक:
ऑब्झर्वेशन पुन्हा करून घ्या, अजून वेळ आहे. विभागातल्याच पण आधी न आलेल्या सहकाऱ्याला बोलवा, वर्गाआधी भेटून आज काय साधायचंय ते सांगा, आणि कोपस नावाचा तक्ता हातात द्या. दर दोन मिनिटांनी शिक्षक काय करतोय आणि विद्यार्थी काय करताहेत याची नोंद होते. मग पत्रात 'वर्ग छान झाला' लिहायची सोयच राहत नाही. विद्यापीठाच्या टीचिंग सेंटरची माणसंही येतात, पण बऱ्याच ठिकाणी त्यांचं काम गोपनीय असतं. बढतीसाठी पत्र देतात का, ते आधीच विचारा.

काठावर:
सगळ्यांचे आभार. हिशेब केला. लेक्चरच्या काळात ०.२ च्या आसपास, नंतर ०.४ च्या थोडं वर. पण कोणी म्हणालं की नंतरची मुलंच हुशार होती, तर?

जुना_खडू:
सुरुवातीच्या चाचणीची सरासरी दोन्ही काळांत सारखी असेल तर ती त्याच तक्त्यात शेजारी छापा. आणि ज्यांनी दोन्ही चाचण्या दिल्या तेवढ्यांचेच आकडे घ्या, अर्ध्यात कोर्स सोडून गेलेले वगळून. किती जण वगळले तेही तळटीपेत लिहा, नाहीतर तोच पहिला प्रश्न येईल.