फराळाच्या दुकानाने इन्स्टाग्रामवर पैसे ओतावेत का?

माहीमचा_चौकस

दिवाळीच्या दीड महिना आधी दादर-पार्ल्यातल्या फराळवाल्यांकडे एजन्सीवाले फेऱ्या मारू लागतात. इतक्या रील, इतके बूस्ट (पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवणं), महिन्याचं पॅकेज. माझं मत: ज्याची गूगल मॅपवरची नोंद धड नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घ्यायची शिस्त नाही, त्याने जाहिरातीवर दमडीही घालू नये.

मॅपवरची नोंद फुकट आहे, पण भरायला अक्कल लागते. नाव पाटीवर आहे तेवढंच. पुढे 'बेस्ट फराळ दादर वेस्ट' असं शेपूट जोडलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पडताळणीला व्हिडिओ मागितला तर तो न तोडता घ्या: रस्ता, शेजारची दुकानं, पाटी, मग शटर उघडताना किंवा गल्ल्यामागे जाताना. पिन कुठे पडलीय ते स्वतः बघा. रुळांच्या दुसऱ्या बाजूला पडली असेल तर गिऱ्हाईक पूल चढून-उतरून वैतागतं आणि एक तारा देऊन मोकळं होतं. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात पावशेर चकली वाटू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, रिव्ह्यू उडतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज एका दमात प्रत्येकाला वेगळा पाठवायची यादी) 256 जण मावतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणून वर्षभर प्रत्येक डब्यावर क्यूआर हवा. स्कॅन केला की 'फराळाची यादी पाठवा' असा तयार मेसेज उघडावा, आणि यादीबरोबरच नंबर सेव्ह करायला सांगावं. ऑक्टोबरात हे सुचून काय उपयोग?

जलद_लोकल

असहमत. मॅप दिसतो कोणाला? जो आधीच शोधतोय त्याला. गिरगाव-दादरची कितीतरी कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. तिथे बसून कोणी 'फराळ' शोधला की गूगल अंतरही मोजतो आणि तिथलीच दुकानं वर आणतो. तुमची नोंद कितीही चकचकीत असो. त्यांच्यापर्यंत जाहिरातच जाते.

फक्त बूस्टचं बटण दाबून बसू नये, त्यातून बहुतेकदा लाइकच हाती लागतात. अ‍ॅड्स मॅनेजरमधून (मेटा, म्हणजे इन्स्टाग्रामच्या कंपनीचं जाहिराती लावायचं साधन) व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आणणारी जाहिरात लावा. फोटोवर भाव, वजन आणि शेवटची ऑर्डर तारीख ठळक लिहा. भाव नसला की नुसते 'रेट?' विचारणारे येतात आणि काउंटरवरचा मुलगा दिवसभर टाइपच करत बसतो.

माहीमचा_चौकस

आणि दाखवणार कोणाला? दादर स्टेशनवर पिन ठेवून वर्तुळ काढलं की मेटा तिथे राहणारे आणि नुकतेच येऊन गेलेले, दोघांनाही धरतो. म्हणजे निम्मे पैसे गाडी बदलणाऱ्यांवर. (शिवाजी पार्कवर 3 किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, बराच भाग अरबी समुद्रात जातो. माशांना चकली आवडत असेल तर ठीक.)

जलद_लोकल

समुद्राचे पैसे कोणी घेत नाही हो. आणि गाडी बदलणारा हेच तर गिऱ्हाईक! जाहिरातीत लिहा: 'आज सांगा, उद्या संध्याकाळी 6 ते 9 स्टेशनजवळून घेऊन जा.' घरपोचचा खर्चही वाचला. एकच अट, डबे नावानिशी आधी बांधून ठेवा आणि पैसे यूपीआयने आगाऊ घ्या. नाहीतर सव्वासातच्या गर्दीत रांग लागते आणि माणूस गाडी पकडायला निघून जातो.

नफातोटा

दोघंही आकडे टाळताय. डबा 850 चा धरू. माल, गॅस, मजुरी, पॅकिंग मिळून 600. उरले 250. रोज 500 प्रमाणे दहा दिवसांचे 5000, वर 18 टक्के जीएसटी, झाले 5900. म्हणजे 24 डबे फक्त जाहिरात फेडायला. दुकान जीएसटीच्या कॉम्पोझिशन योजनेत (छोट्या धंद्याने उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय) असेल तर त्या 900 रुपये कराचं क्रेडिटही, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळत नाही.

कोणती जाहिरात चालली हे कळायला प्रत्येकीचा तयार मेसेज वेगळा ठेवा: एकीत 'फराळ अ', दुसरीत 'फराळ ब'. चौथ्या दिवशी मेसेज नको, पैसे भरलेल्या ऑर्डरी मोजा आणि हरलेली बंद करा.

जाहिरात महाराष्ट्रापुरतीच ठेवा हेही सांगतो. कॉम्पोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. नोंदणीच नसलेल्याने बंगळूरला डबा विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, आधी जीएसटी नोंदणी लागते. 'भारतभर कुरिअर' असं पोस्टरवर टाकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

माहीमचा_चौकस

ते 24 डबे आले तरी करणार कोण? अनारशाचे तांदूळच तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं, मग पीठ मुरायला ठेवायचं. जाहिरात आज लावली म्हणून कढई मोठी होत नाही. ऑर्डर चुकली की रिव्ह्यू मॅपवरच पडणार.

जलद_लोकल

मग अनारसे डब्यातून काढा, आधी सांगणाऱ्यांनाच वेगळे विका. चिवडा, शेव, शंकरपाळे टिकतात, आधी करून ठेवता येतात. जाहिरात त्यांचीच करा. रोजच्या ऑर्डरींची मर्यादा भरली की अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाहिरात थांबवायला एक मिनिटही लागत नाही. फलक लावला असता तर तो उतरवायलाही माणूस शोधावा लागला असता.

नफातोटा

थांबवायची कोणी, हे आधी ठरवा. अकाउंट एजन्सीच्या नावावर असेल तर धनत्रयोदशीच्या रात्री फोन उचलत नाहीत. पेज आणि अ‍ॅड अकाउंट दुकानाच्या नावावर, कार्ड दुकानाचं, एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश.