उत्पादन वाढवलं की भूक आपोआप हटेल?
'धान्य जास्त पिकवा, भूक आपोआप कमी होईल' हे मत बऱ्याचदा ऐकू येतं, पण मला ते अर्धंच पटतं. गोदाम भरलेलं असलं तरी हातात पैसा नसेल तर ताट रिकामंच राहतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात युद्धकाळातल्या महागाईने मजुरांच्या तोंडचा घास काढून घेतला, हे विसरून चालत नाही.

मला ब्राझीलचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं. २००३ मध्ये तिथे 'फोमे झेरो' (शून्य भूक) मोहीम सुरू झाली. गरीब कुटुंबांना थेट रोख रक्कम, तीही शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर. अट एवढीच की मुलं शाळेत जावीत, लसीकरण व्हावं. २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के हिस्सा छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीसाठी राखला. म्हणजे मुलांचं पोटही भरलं आणि शेतमालाला हक्काचं गिऱ्हाईकही मिळालं. २०१४ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक भूक-नकाशातून (जिथे भुकेचं प्रमाण जास्त आहे अशा देशांच्या नोंदीतून) बाहेर पडला. पुढे मंदी, खर्चकपात आणि महामारी आली आणि तो परत नकाशात गेला, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर आला.

इथिओपियाने २००५ पासून वेगळी वाट धरली: टंचाईच्या महिन्यांत बांधबंदिस्ती, रस्ते अशी कामं आणि मोबदल्यात रोख किंवा धान्य. वृद्ध-आजाऱ्यांना कामाविना मदत. (आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण येतेच!)

उत्पादन वाढवण्यासाठी खतावर अनुदान द्यायला माझा सरसकट विरोध नाही, पण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला त्याचा थेट उपयोग काय?