भाच्याला पंचेचाळीस हजारांत लॅपटॉप: 'गेमिंग'चं लेबल नको असं माझं मत, बोला

मोडनिंबकर मामा (२२ जून २०२५)

भाच्याचा सीईटीचा निकाल लागला. कॉलेज अजून ठरायचंय, पण लॅपटॉप कुठला याची चर्चा घरात महिनाभर सुरू आहे. बहिणीने हे खातं माझ्याकडे सोपवलंय, कारण नातेवाइकांत प्रिंटर चालू करता येणारा मी एकटाच. बजेट पंचेचाळीस हजार, फार तर अठ्ठेचाळीस. दिवसा अभ्यास (म्हणे), रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट (ऑनलाइन नेमबाजीचा गेम), अधूनमधून माइनक्राफ्ट. जीटीए वगैरे अजिबात नाही, हे त्याने आईची शपथ घेऊन सांगितलंय.

दोन रविवार दुकानं पालथी घातली. "गेम खेळणार का?" असं विचारतात आणि हो म्हटलं की थेट साठ हजारांच्या रॅककडे नेतात. लाल दिव्यांचा कीबोर्ड, पाठीवर ड्रॅगन-बिगन. माझं मत आता उलट झालंय. व्हॅलोरंटची किमान अट इंटेल एचडी ४००० आहे. म्हणजे २०१२ सालच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स. ते सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० चित्रं दाखवण्यापुरतं, मान्य. पण आज प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स त्याच्या कितीतरी पुढे गेलंय. मग वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला दहा-पंधरा हजार कशाला मोजायचे? वर सव्वादोन किलोचं धूड, विटेएवढा चार्जर, आणि दोन लेक्चर होईपर्यंत बॅटरी झोपलेली. पोरगं तो वर्गात नेणारच नाही.

एक मात्र सांगतो, कारण मी स्वतः फसता फसता वाचलो. दुकानात शेजारी शेजारी दोन लॅपटॉप, दोन्हींत एएमडी कंपनीचा प्रोसेसर, 'रायझन ५' आणि '७०००' सिरीज. एक ७५२०यू, दुसरा ७५३०यू. पाच-सहा हजारांचा फरक. विक्रेता म्हणाला, "सेमच आहे सर, फक्त बॉडीचा फरक." घरी येऊन बघितलं. एएमडीच्या त्या नावांत तिसरा आकडा महत्त्वाचा, पिढी तो सांगतो. ७५२० म्हणजे झेन २ ही जुनी पिढी, चार कोअर, ग्राफिक्सची युनिटं फक्त दोन. ७५३० म्हणजे झेन ३, सहा कोअर, युनिटं सात. पहिला आकडा नुसता वर्षाचा. म्हणजे जुना दिसणारा ५५००यू गेमच्या बाबतीत या नव्या ७५२०ला लोळवतो. हे कुठल्याच स्टिकरवर नसतं.

तर माझं म्हणणं: ७५३०यू, रॅमच्या दोन स्टिक, बस्स. कोणाला पटत नसेल तर बोला, अजून पैसे दिलेले नाहीत.

---

फ्रेमवेडा कोल्हापूर

मामा, नाही पटत. तुमची सगळी गणितं आजच्या व्हॅलोरंटची. भाचा लॅपटॉप वापरणार चार वर्षं.

माझंच सांगतो. २०२१ला घेतला, कार्ड नाही, तुमच्यासारखंच "हलके गेम तर खेळायचेत" म्हणून. तेव्हा सीएस-गो (काउंटर-स्ट्राइकचा आधीचा गेम) मस्त चालायचा, नव्वदच्या आसपास फ्रेम. सप्टेंबर २०२३ला कंपनीने जुना गेम काढून त्याच जागी काउंटर-स्ट्राइक २ आणला. विचारलं नाही, काही नाही. एका अपडेटमध्ये नव्वदचे पस्तीस झाले भावा. लॅपटॉप तोच, मी तोच, आणि टीममधली पोरं म्हणाली तू बस जरा बाहेर.

व्हॅलोरंटही आता ज्या इंजिनवर बनलाय ते अनरियल ४ सोडून ५ वर चाललाय, जुलैत. कंपनीनेच जाहीर केलंय. ऑनलाइन गेमचं असंच असतं, जुनी आवृत्ती धरून बसता येत नाही. आज हलका आहे तो उद्या हलका राहील याची हमी कोण देणार? पंचावन्नपर्यंत ताणा, आरटीएक्स २०५० कार्डवाला तरी घ्या. पडदाही १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा मिळतो.

---

चष्मिष्ट

उद्याची तरतूद म्हणून २०५०? ते कार्ड डिसेंबर २०२१ला जाहीर झालं. चार जीबी मेमरी, आणि त्या मेमरीची वाट (बस) अरुंद, ६४ बिटची. नाव २०चं, पोटात ३०च्या पिढीची चिप. म्हणजे साडेतीन वर्षांपूर्वीची वस्तू घ्यायची आणि तिला 'भविष्य' म्हणायचं. कार्डच हवं असेल तर ३०५०, तेही सहा जीबीवालं. नाहीतर नको. आणि ते मामांच्या बजेटात बसत नाही, विषय संपला.

इंटेलवाल्यांनीही एक गंमत लक्षात ठेवा. 'एच' प्रोसेसर, 'परफॉर्मन्स' म्हणून आय५-१२४५०एच हल्ली कार्डाशिवायही विकतात. त्यात ग्राफिक्सची युनिटं ४८. आणि बिचाऱ्या आय३-१२१५यू मध्ये ६४. आय५ महाग, आय३ स्वस्त, गेमला मात्र आय३चं ग्राफिक्स मोठं. १२३५यू मध्ये ८० असतात, त्याला आयरिस एक्सई म्हणतात, पण रॅम ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन स्टिकची असेल तरच. एकच स्टिक असली की विंडोज त्याचं नावही साधं 'यूएचडी' दाखवतं. पदवी काढूनच घेतात म्हणा ना.

---

जुनं ते सोनं

नवा कशाला पण? मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेला थिंकपॅड टी४८० वीस-बावीस हजारांत मिळतो. रॅमचे दोन स्लॉट, बॅटऱ्या दोन, त्यातली एक बाहेरून काढता-घालता येते, कीबोर्ड असा की हात सोडवत नाही. कॉर्पोरेटमधून निघालेला माल. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर साठच्या आसपास चालतो, साठ हर्ट्झच्या पडद्याला अजून काय हवं? उरलेल्या पंचवीस हजारांत पोराची मेस निघेल.

---

आई, टेस्टिंगवाली

दादा, थिंकपॅडवर माझा राग नाही. रिफर्बिशवर, म्हणजे वापरलेला माल दुरुस्त करून विकतात त्यावर आहे. मागच्या वर्षी लेकीसाठी असाच एक घेतला, सहाव्या पिढीचा आय५. दुकानदाराने विंडोज ११ टाकूनच दिलं होतं, चकाचक. मी म्हटलं वा. घरी आल्यावर व्हॅलोरंट टाकला, सुरूच होईना. एरर 'व्हॅन ९००३'. दोन रात्री मी त्यात घालवल्या, तेही दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे बग शोधून.

भानगड अशी निघाली: विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. दुकानदाराने अट चुकवून, जुन्या बायोस मोडवर (संगणक सुरू होण्याची जुनी पद्धत) ते बसवलेलं. बाकी सगळं चालतं, पण व्हॅलोरंटचं चोरपकड सॉफ्टवेअर, व्हॅनगार्ड, विंडोज ११वर सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) दोन्ही मागतं. म्हणजे सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. आणि विंडोज १० ठेवू म्हणाल, तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५पर्यंतच. लिनक्सवर व्हॅलोरंट चालत नाही, हे लेकीने मलाच समजावलं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, गेम चालेल असं मी कधी म्हटलं?" खरंच म्हटलं नव्हतं.

---

जुनं ते सोनं

ताई, म्हणूनच टी४८० म्हटलं, तो आठव्या पिढीचा आहे, टीपीएम २.० आहे त्यात. सहावी पिढी मी माझ्या दुश्मनालाही सुचवणार नाही. पण दुकानातच उघडून, सिक्युअर बूट चालू आहे ना ते बघून घ्यायचं, हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं.

---

वऱ्हाडी पाहुणा

मामा, तुमचं सगळं बरोबर आहे, पण तुम्ही लॅपटॉप दुकानाच्या एसीत बघितला न. आमच्याकडे मे महिन्यात या. पंचेचाळीस डिग्री, हॉस्टेलच्या खोलीत पंखा गरम हवा फेकून राहिला, आणि तुमचा तो पातळ दीड किलोवाला. आत एक बारका फॅन. पहिले दहा मिनिटं मस्त पळते, मग त्याला दम लागते. प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करते, शंभरच्या फ्रेम साठवर. माझ्या रूममेटचा असाच होता, तो खालून दोन डबे लावून उंच करायचा आणि गीअर पडल्यावानी आवाज ऐकत बसायचा.

गेमिंगवाल्यात दोन फॅन, जाड तांब्याच्या नळ्या. वजन आहे ते त्याचंच आहे. कार्डासाठी नको घेऊ म्हणता, ठीक. थंड राहाते म्हणून तरी घ्या.

फक्त लाइट गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही, हेही सांगतो. बॅटरीवर कार्डाचा जोरच कमी करून टाकतात. आणि आमच्याकडे लाइट मॅच सुरू झाल्यावरच जाते.

---

एक वाचक

डेस्कटॉप घ्या. रायझन ५ ५६००जी.

---

आई, टेस्टिंगवाली

@एक वाचक, हॉस्टेलचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. चढवायला तुम्ही येणार ना?

---

तिरका सदाशिव

वरती एवढे प्रतिसाद आले, पण खेळ 'ऑनलाइन' आहे, मग नेटचं काय, हे कोणीच विचारलं नाही असं दिसतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक चिरंजीव आहेत. ऐंशी हजारांचं यंत्र, १४४ हर्ट्झ, सगळं. राउटर तीन भिंती पलीकडे, तोही २.४ गिगाहर्ट्झवर, त्याच पट्ट्यात सोसायटीतले आणखी वीस राउटर. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, १८० मिलिसेकंद. दर रात्री त्यांचा आक्रोश जिन्यातून ऐकू येतो: "मी आधी मारलं होतं!" मारलं असेल. मुंबईच्या सर्व्हरला ते कळेपर्यंत समोरच्याने याला मारून दुसरं काम हातात घेतलेलं असतं. १४४ फ्रेममध्ये स्वतःचं मरण फक्त जास्त गुळगुळीत दिसतं.

मी स्वतः (वय विचारू नये) सात वर्षं जुन्या डबड्यावर लॅनच्या वायरने खेळतो. पिंग आठ ते दहा. हल्लीच्या स्वस्त लॅपटॉपांना लॅनचं भोकच नसतं, ते बघा आधी. नसेल तर यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर हजाराच्या आत येतो. तुमच्या पंधरा हजारांच्या वादापेक्षा त्या वायरने जास्त फरक पडेल.

---

फ्रेमवेडा कोल्हापूर

काका, वायर लावायला हॉस्टेलच्या भिंतीत पोर्ट लागतो की. आमच्याकडे एका मजल्याला एक वायफाय होतं, आणि ते रेक्टरच्या मूडवर चालायचं. शेवटी सगळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच.

आणि पिंग चांगलं असलं तरी पस्तीस फ्रेमवर नेम लागत नाही, लिहून घ्या.

---

हॉस्टेल बी-ब्लॉक

मी सेकंड इयर, ७५३०यू वापरतोय, त्यामुळे मामांच्या बाजूने. पण एक राहिलंय. मामांनी "रॅमच्या दोन स्टिक" एवढंच लिहिलं, ते दुकानात बघायचं कसं ते सांगितलं नाही.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. खाली 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेलं असतं. '१ ऑफ २' दिसलं तर आनंद, एक जागा रिकामी. आणि 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम बोर्डावरच चिकटवलेली. मग आणखी एखादा स्लॉट आहे का ते खाली झाकण उघडून किंवा कंपनीच्या पानावर बघायचं. काहींना नसतोच. ८ जीबी चिकटवलेली आणि स्लॉट शून्य, असं काही घेतलंत तर ते मरेपर्यंत ८च. त्यातलेही दोनेक जीबी ग्राफिक्स खातं, कारण त्याची स्वतःची मेमरी नसते.

माझा ८ची एकच स्टिक घेऊन आला होता. व्हॅलोरंट सत्तरच्या आसपास, तेही मध्येच अडखळत. दिवाळीत सोळाशे रुपयांची दुसरी ८ टाकली. तोच लॅपटॉप, तीच सेटिंग, एकशे दहा. पोटातलं ग्राफिक्स रॅममधूनच जेवतं. एका स्टिकवर एकच दार उघडं असतं, दोन लावल्या की दोन्ही दारांनी माल येतो. दुकानदार विचारतो "१६ जीबी हवी ना?", आणि १६ची एकच स्टिक देतो. ८ अधिक ८ मागा.

सीएस २ मात्र माझ्याकडे पूर्ण एचडीवर पन्नाशी गाठत नाही. ७२०वर उतरवला की साठ-पासष्ट, पण समोरचा माणूस भाताच्या शितासारखा दिसतो. फ्रेमवेडा दादाचं दुखणं खोटं नाही.

---

चष्मिष्ट

'भाताच्या शितासारखा' हे आवडलं. पण १४४ हर्ट्झवाला मुद्दा राहिलाच. पडदा साठचा असेल तर एकशे दहातल्या साठच डोळ्याला दिसतात. बाकीच्यांनी हाताचा उशीर थोडा कमी होतो, एवढंच. आणि पंचेचाळीसमधले बहुतेक पडदे २५० निटचे (उजेड कमी), ४५ टक्के एनटीएससीचे (रंग कमी), म्हणजे खिडकीजवळ बसलं की स्वतःचा चेहरा दिसतो आणि टोमॅटो नारिंगी. चार वर्षं रोज आठ तास ज्याकडे बघायचं त्याची कोणीच चौकशी करत नाही. कार्डाचे पैसे वाचवायचेच असतील तर त्यातले थोडे पडद्यावर घाला.

---

मोडनिंबकर मामा (१७ ऑगस्ट २०२५)

उशिरा लिहितोय. कॅप प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत नंबर लागला आणि मग धावपळ.

शेवटी ७५३०यूच घेतला, साडेत्रेचाळीसला. दुकानात सगळ्यांसमोर टास्क मॅनेजर उघडला. विक्रेता म्हणाला, "काका, तुम्ही कंपनीतून आलात का?" १ ऑफ २ होतं. दुसरी ८ची स्टिक बाहेरून घेतली आणि डायनिंग टेबलवर मी आणि भाच्याने मिळून लावली. झाकणाचा एक स्क्रू फ्रिजखाली गेला तो अजून तिथेच आहे. पडद्याबद्दल चष्मिष्ट यांचं ऐकायला हवं होतं, टोमॅटो खरंच नारिंगी दिसतो. वऱ्हाडी पाहुणे, खालून उंच करणारा स्टँड घेतलाय, मेमध्ये काय होतं ते कळवेन. लॅनचा अ‍ॅडॉप्टरही घेतला. हॉस्टेलच्या भिंतीत पोर्ट आहे, पण त्यात आदल्या कोणीतरी अगरबत्तीची काडी मोडून ठेवलीय.

अनरियल ५वाला अपडेट येऊन गेला. फ्रेम काही पडल्या नाहीत, शंभरच्या वर आहेत. त्यामुळे मी खूश होतो, कालपर्यंत.

काल त्याने फोन केला. एसएसडी भरत आली म्हणे. म्हटलं दोन महिन्यांत ५१२ जीबी कशाने भरली? तर काउंटर-स्ट्राइक २ टाकलाय, कंपनी ८५ जीबी जागा मागते. शपथेची आठवण करून दिली, तर म्हणतो, "मामा, शपथ जीटीएची होती."

---

फ्रेमवेडा कोल्हापूर

मामा, किती फ्रेम येतायत ते विचारलंत का?

---

मोडनिंबकर मामा

विचारलं. "शीत" म्हणाला.