घरातल्या कचऱ्यापासून रोजच्या वापरात येईल असे काय करता येते?

मोगरा, पुणे (प्रश्न)

नमस्कार. आम्ही चौघे सदनिकेत राहतो आणि गेली दोन वर्षे घरातला कचरा शक्य तितका घरातच वापरावा, असा माझा प्रयत्न चालू आहे. सुरुवातीला मी प्लास्टिकच्या बाटल्या कापून, रंगवून त्यांच्या कुंड्या आणि पेनांचे डबे केले. परंतु पाच-सहा डबे झाल्यावर घरात त्यांची गरजच उरली नाही आणि आज ते सगळे माळ्यावर धूळ खात पडले आहेत. म्हणून आता शोभेच्या वस्तूंऐवजी घरात खरोखर खपतील अशाच गोष्टी कराव्यात, असे वाटते.

माझ्या दोन अडचणी आहेत. गॅलरीत झाकणाच्या बादलीत भाजीची देठे आणि साली टाकून खत करायला घेतले, पण तिसऱ्या आठवड्यात इतकी दुर्गंधी सुटली आणि अळ्या झाल्या की शेजाऱ्यांपुढे मला संकोच वाटू लागला. दुसरे म्हणजे सासूबाईंच्या जुन्या सुती साड्यांचे एक मोठे गाठोडे घरात आहे. त्या विरल्या आहेत, त्यामुळे कुणाला नेसायला देता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. ज्यांनी ही कामे स्वतः केली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मातीकाम, ठाणे

मोगराताई, बादली बंद करू नका. आपली चूक फक्त प्रमाणाची आहे आणि ती आठवडाभरात सुधारता येते. भाजीच्या देठांत पाणी आणि नत्र भरपूर असते, त्यामुळे ती नुसतीच टाकली की दबून बसतात, आत हवा खेळत नाही आणि हवेवाचून वाढणारे जिवाणू दुर्गंधी निर्माण करतात. यावर उपाय म्हणजे कोरडा, कर्बयुक्त माल. एक वाटी ओल्या कचऱ्यावर दीड ते दोन वाट्या वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्यांचा पिंजून केलेला भुसा किंवा फाडलेले पुठ्ठ्याचे तुकडे टाकावेत. मात्र गुळगुळीत, चकचकीत छपाईचा कागद वापरू नये. पूजेचे नारळ प्रत्येक घरात येतात आणि त्यांच्या शेंड्या आपण सरळ फेकून देतो. मी त्या वर्षभर एका पोत्यात साठवतो, आणि पावसाळ्यात वाळलेली पाने मिळेनाशी होतात तेव्हा त्यांच्यावरच माझी बादली चालते.

दुर्गंधी कोणती आहे यावरून दोष ओळखता येतो. डोळ्यांना झोंबणारा, अमोनियासारखा वास येत असेल तर कोरडा माल कमी पडला आहे. सडक्या अंड्यांसारखा येत असेल तर पाणी साचले आहे. ओलावा पाहण्यासाठी मूठभर माल हातात घट्ट दाबावा. बोटांच्या फटींतून एखाददुसरा थेंब डोकावला तर ओलावा योग्य आहे. धार लागली तर तो जास्त आहे आणि माल मुठीतून भुसभुशीत होऊन सांडला तर कमी आहे. बादलीला तळाशी आणि बाजूंना भोके पाडा, खाली ताटली ठेवा आणि दर तीन-चार दिवसांनी काठीने माल तळापासून वर आणा. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडले तर काम लवकर मार्गी लागते.

अळ्यांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्या चपट्या, करड्या-तपकिरी आणि अंगावर वळ्या असलेल्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या आहेत. ती माशी चावत नाही, घरमाशीसारखी अन्नावरही घोंगावत नाही आणि तिच्या अळ्या कचरा फार झपाट्याने संपवतात. तरीही त्या नको असतील तर वरचा कोरडा थर चांगला चार बोटे जाड ठेवा, म्हणजे माश्यांना अंडी घालायला ओला कचरा उघडा सापडणार नाही. तेलकट उरलेले अन्न, मासे-मटण आणि दूध बादलीत टाकू नये. दोन ते तीन महिन्यांत माल काळसर, भुसभुशीत होतो. तो गव्हाच्या जुन्या चाळणीने चाळून घ्यावा, चाळणीत राहिलेले जाड तुकडे नव्या बादलीत विरजणासारखे घालावेत आणि कुंडीत एक भाग खताला दोन भाग माती मिसळावी.

कृष्णाकाठ, सांगली

साड्यांचे गाठोडे वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते. आमच्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधडीला वाकळ म्हणतात आणि तिच्यासाठी विरलेले सुती कापडच उत्तम, कारण वर्षानुवर्षे धुऊन ते इतके मऊ झालेले असते की तान्ह्या बाळाच्या अंगालाही टोचत नाही. गाठोड्यातल्या सिंथेटिक साड्या मात्र बाजूला काढा. त्या घाम शोषत नाहीत आणि शिवताना थर सरकतात.

आधी साड्या रात्रभर भिजवून त्यांतली खळ पूर्णपणे काढा आणि कडक उन्हात वाळवा. साडी नेहमी मधल्या भागात, बसायच्या जागी आधी विरते, काठ आणि टोके टिकून राहतात. म्हणूनच पूर्वी विरलेला भाग कापून चांगले भाग एकमेकांना जोडत, त्याला दंड घालणे म्हणत. आपणही तेच करा. विरलेले तुकडे आत आणि धड भाग वरखाली, असे पाच-सहा थर जमिनीवर अंथरा, हाताने सुरकुत्या सारून चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंट्यासारखी जड वस्तू ठेवा आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर एकत्र बांधून घ्या. मग दुहेरी सुती दोऱ्याने कडेपासून आत चौकोनांत धावदोरा घालत जा. टाका साधारण तांदळाएवढा आला की वाकळ कित्येक धुण्यांत टिकते. काठ फेकू नका. सुटे करून चारी कडांना पट्टी म्हणून लावा, कारण वाकळ फाटते ती कडेलाच. माझ्या आजीने शिवलेल्या वाकळेत तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ अजून ओळखू येतो आणि थंडीत आमची मुले तीच मागतात.

तुपाची बेरी, नाशिक

मला वाटते, कचरा बादलीत जाण्याआधी तो विळीपाशीच कमी करता येतो. दोडके सोलण्याआधी स्वच्छ धुवावे आणि शिरा किसून घ्याव्यात. त्या थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परताव्या, मग तीळ, सुके खोबरे, लाल तिखट आणि मीठ घालून जाडसर कुटाव्या. ही चटणी भाकरीबरोबर फार रुचकर लागते. कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठात जातो, कोथिंबिरीची देठे वाटणात जातात आणि तूप कढवल्यावर राहणाऱ्या बेरीत गूळ घालून ती पोळीबरोबर खाता येते. तांदूळ धुतलेले पाणी मी वर्षानुवर्षे तुळशीला घालते.

बाटल्यांविषयी आपले निरीक्षण मला पटते. रंग आणि डिंक लागलेली बाटली भंगारात कुणी घेत नाही. उलट धुऊन, वाळवून दिलेल्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या यांचे पैसे कचरावेचक भगिनींच्या हाती पडतात. आपल्या पुण्यात तर 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था आहे.

मोगरा, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. काल बादलीला भोके पाडली, शेजारच्या मंदिरातून पोतेभर शेंड्या आणल्या आणि आज सकाळी दुर्गंधी निम्म्याहून कमी झालेली होती. मूठ दाबून पाहिली तेव्हा धारच लागली, म्हणजे दोष ओलाव्याचाच होता. गाठोड्यात सुती साड्या सात निघाल्या. कृष्णाकाठताई, त्यांतल्या दोन इरकली आहेत आणि त्यांचा पदर अजून धड आहे. तो वाकळेच्या वरच्या बाजूला मधोमध आला तर धुण्यात टिकेल का?

कृष्णाकाठ, सांगली

टिकेल, पण रंग सुटतो का ते आधी पाहा. पदराचे टोक मिठाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. डाग उमटला नाही तरच वर घ्या, उमटला तर तीन-चार वेळा वेगळे धुऊन पुन्हा तपासा.